भय कोणाचे? विद्यार्थी भयलघुपटाची निर्मिती आणि मूल्यमापन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश :

महाविद्यालयीन स्तरावर लघुपटनिर्मिती हा आता अपवादात्मक उपक्रम राहिलेला नाही. भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्यामुळे चित्रीकरण सुलभ झाले असून विद्यार्थ्यांचा ओढा भयपटाकडे विशेषत्वाने दिसतो. मात्र अशा लघुपटांचे मूल्यमापन बहुधा 'प्रेक्षक दचकला की नाही' या एकाच प्रश्नापाशी थांबते. प्रस्तुत लेखात भयानक रसाची शास्त्रीय मांडणी, अल्प साधनांतून घडलेल्या भयपटांची पूर्वपरंपरा, तसेच 'लपाछपी' व 'तुंबाड' हे चित्रपट यांच्या आधारे यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थी भयलघुपट कसा घडू शकेल आणि त्याची पारख कोणत्या निकषांवर व्हावी, याचा विचार केला आहे. भय कोणाचे आणि ते कोणाच्या नजरेतून दाखविले आहे, हा प्रश्न मूल्यमापनाच्या केंद्रस्थानी असावा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : भयानक रस, विद्यार्थी लघुपट, चकवा, ध्वनिसंयोजन, वऱ्हाडी बोली, मूल्यमापन.

१. प्रस्तावना :

विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या भयलघुपटांचा एक ठरावीक साचा आहे. चार मित्र एखाद्या ओसाड वाड्यात किंवा जंगलात जातात. त्यांतील एक जण मागे राहतो. पैंजणांचा आवाज येतो, पांढऱ्या साडीतील केस मोकळे सोडलेली स्त्री क्षणभर दिसते, कानठळ्या बसविणारा ध्वनी वाजतो आणि अखेरीस सारे स्वप्न होते असे तरी कळते किंवा पडदा काळा होतो. या साच्यात कथानकाचे स्थळ बदलले तरी चित्रपट बदलत नाही. पुण्यातील, कोल्हापुरातील आणि पुसदमधील लघुपट एकमेकांच्या जागी ठेवले तरी फरक जाणवू नये, ही या प्रकाराची सर्वांत मोठी उणीव होय.

ही उणीव केवळ तांत्रिक नाही. ज्या विद्यार्थ्याचे घर शेतीवर चालते, ज्याचे वडील रात्री ओलिताला जातात, ज्याच्या तालुक्यात वाघाच्या भयाने वेचणीची कामे अडली होती, त्याच विद्यार्थ्याला भय दाखविण्यासाठी परक्या चित्रपटांतील बाहुली आणि आरसा उसना घ्यावा लागतो. आपल्या अनुभवातील भय हे 'चित्रपटात शोभण्यासारखे' नाही, अशी त्याची समजूत झालेली असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अनुभवाधिष्ठित शिक्षणावर भर देण्यात आला आहे. त्या दृष्टीने पाहता भयलघुपट हा विद्यार्थ्याला स्वतःच्या परिसराकडे नव्याने पाहावयास लावणारा अभ्यास ठरू शकतो. परंतु त्यासाठी निर्मितीची रीत आणि मूल्यमापनाची फूटपट्टी या दोन्हींचा पुनर्विचार आवश्यक आहे.

२. भयानक रस : शास्त्राची साक्ष

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांमध्ये भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस आहेत. भयानकाचा स्थायीभाव भय, तर बीभत्साचा जुगुप्सा. हा भेद विद्यार्थी लघुपटाच्या संदर्भात अत्यंत उपयुक्त आहे. रंगविलेले रक्त, तुटलेले अवयव, विद्रूप चेहरा यांनी किळस निर्माण होते. तिला भय समजण्याची चूक होते. प्रेक्षक तोंड फिरवितो तेव्हा तो घाबरलेला असतोच असे नाही. घाबरलेला प्रेक्षक उलट पडद्याकडे अधिक टक लावून पाहतो, कारण धोका कोठून येणार हे त्याला जाणून घ्यावयाचे असते.

भयानकाचे विभाव सांगताना भरतांनी विकृत ध्वनी, कोल्हे व घुबड, ओसाड घर आणि अरण्य यांचा उल्लेख केला आहे. या यादीत ध्वनीला आरंभीच स्थान आहे, ही बाब लक्षणीय होय. भयाच्या कारणांत श्वापदांबरोबरच गुरुजन आणि राजा यांचा अपराधही समाविष्ट आहे. म्हणजे सत्तेचे, ऋणाचे आणि शिक्षेचे भय हेही शास्त्राने भयच मानले आहे. केवळ भूतप्रेतांपुरता हा रस मर्यादित नाही.

तिसरी बाब अनुभावांची. हातापायांचा कंप, रोमांच, मुखाचा वर्ण पालटणे, स्वरभेद ही लक्षणे घाबरलेल्या व्यक्तीची आहेत. भयानक रस हा भय देणाऱ्या वस्तूपेक्षा भय अनुभवणाऱ्या व्यक्तीच्या द्वारे अधिक प्रकट होतो, असा याचा अर्थ घेता येतो. अल्प साधनांच्या लघुपटासाठी हे सूत्र मोलाचे आहे. भूत रंगविण्यास खर्च येतो. घाबरलेला चेहरा समजून घेऊन टिपण्यास निरीक्षण लागते.

तथापि, शास्त्राची एक मर्यादाही नोंदविणे भाग आहे. भरतांनी भय हे स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठायी मानले आहे. आजचा भयपटही बव्हंशी स्त्रीच्या किंकाळीवर चालतो आणि भुताचे रूपही बहुधा स्त्रीचेच असते. घाबरणारीही तीच आणि घाबरविणारीही तीच, हा परंपरेने आलेला संकेत विद्यार्थी विचार न करता स्वीकारतो. त्याची चिकित्सा पुढे केली आहे.

३. अल्प साधनांची पूर्वपरंपरा

भयपटाच्या जागतिक इतिहासात तरुणांनी अल्प खर्चात केलेल्या प्रयोगांना विशेष स्थान आहे. सॅम रायमी याने १९७८ मध्ये मित्रांच्या साहाय्याने 'विदिन द वूड्स' हा सुमारे अर्ध्या तासाचा लघुपट सुपर ८ फिल्मवर केला. त्याच्या बळावर पैसा उभा करून पुढे 'द ईव्हिल डेड' (१९८१) साकार झाला. स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्ग याने २०१३ मध्ये स्वतःच्या घरात, पत्नीला प्रमुख भूमिका देऊन, तीन मिनिटांहून कमी लांबीचा 'लाइट्स आउट' केला. दिवा मालवला की आकृती दिसते, दिवा लावला की ती नाहीशी होते, एवढीच त्याची कल्पना. घरोघरी असलेल्या दिव्याच्या बटणात त्याने भय शोधले. २०१६ मध्ये त्यावर पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) हा चित्रपट अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे दिग्दर्शक डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे सेंट्रल फ्लॉरिडा विद्यापीठात चित्रपटाचे विद्यार्थी होते. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये अवघ्या आठ दिवसांत चित्रीकरण झाले. कॅमेरा कलाकारांच्याच हाती होता आणि संवाद बव्हंशी उत्स्फूर्त होते. या चित्रपटात चेटकीण एकदाही दिसत नाही. चित्रपटाचे कथानकही विद्यार्थ्यांनी माहितीपट करण्याचेच आहे. दिवसभर एकाच दिशेने चालूनही ही तरुण मंडळी पुन्हा त्याच ओंडक्यापाशी येऊन पोहोचतात, तेव्हा चित्रपटातील खरी भीती सुरू होते.

मराठी वाचकाला हा अनुभव अपरिचित नाही. त्याला आपल्याकडे 'चकवा' म्हणतात. रात्री ओळखीच्या वाटेने निघालेला माणूस पहाटेपर्यंत त्याच शेताला फेऱ्या घालीत राहतो, ही कथा विदर्भातील प्रत्येक गावात कोणी ना कोणी सांगितलेली असते. एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी हे सूत्र जगभर नेले. ज्यांच्या घरी ते परंपरेने आहे ते मात्र बाहुलीच्या शोधात राहिले. साधनांची कमतरता ही येथील अडचण नसून आपल्याजवळील सामग्रीविषयीचा अविश्वास ही अडचण आहे.

४. मराठी भयाची दोन रूपे

मराठीत भयकथेची परंपरा समृद्ध आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी तिला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. चित्रपटात मात्र या परंपरेचे पडसाद तुरळक उमटले. अलीकडील दोन चित्रपट विद्यार्थ्यांनी अभ्यासावेत असे आहेत.

पहिला राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८). हा चित्रपट हिंदी असला तरी त्याची मुळे मराठी आहेत. धारपांची एक कथा बर्वे यांनी १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्याच्या भेटीत मित्राच्या तोंडून ऐकली. पटकथेचा पहिला खर्डा त्यांनी १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिला. म्हणजे महाविद्यालयीन वयात सुरू झालेले काम पडद्यावर येण्यास दोन दशके लागली. खऱ्या पावसाचे वातावरण मिळावे म्हणून चित्रीकरण चार पावसाळ्यांत झाले. व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला. येथे भय हस्तर या दैत्याचे आहे असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात ते लोभाचे आहे. बाप मुलाला लोभाची विद्या शिकवितो, हे दृश्य दैत्याच्या दर्शनापेक्षा अधिक अस्वस्थ करते. कष्टाने मिळविलेले वातावरण आणि माणसाच्या स्वभावातून उगवणारे भय, हे दोन धडे त्यातून मिळतात.

दुसरा विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' (२०१७). गरोदर नेहा आणि तिचा पती शहरातील देणेकऱ्यांपासून लपण्यासाठी उसाच्या शेतात असलेल्या घरात आश्रय घेतात. उसाच्या उंच, एकसारख्या रांगांनी दिशा हरवते. दिवसाच्या लख्ख प्रकाशातही भय टिकते. पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्या भूमिकांतील ताण हा चित्रपटाचा कणा आहे. भुताचा उगम मुलींच्या हत्येत असल्याने प्रेक्षकाला भूत आणि जिवंत माणूस यांपैकी कोणाचे भय अधिक, हे ठरवावे लागते. २०२१ मध्ये याच दिग्दर्शकाने त्याचे 'छोरी' हे हिंदी रूपांतर केले.

'लपाछपी'ची गुणवत्ता मान्य करूनही दोन आक्षेप नोंदविले पाहिजेत. उत्तरार्धात चित्रपट स्वतःचे स्पष्टीकरण देऊ लागतो आणि संदेश भयाच्या पुढे धावतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नेहा शहरातून येते आणि पाप गावात सापडते. वास्तविक गर्भलिंगनिदानाचा प्रश्न गावापुरता कधीच नव्हता. त्याची यंत्रे आणि त्यांचा धंदा शहरांतच वाढला. महाराष्ट्रातील बाललिंगगुणोत्तर २००१ च्या जनगणनेत दर हजारी ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ झाले. ही घसरण केवळ उसाच्या शेतातील एका घराने घडविलेली नाही. शहरी प्रेक्षकाला चित्रपटगृहातून बाहेर पडताना आपण निर्दोष आहोत असे वाटत असेल, तर भयाचे काम अर्धेच झाले असे म्हणावे लागेल.

यातून या लेखाचा मुख्य प्रश्न उभा राहतो. ज्याच्या दृष्टीने शेत ही अनोळखी जागा आहे, त्याचे भय आणि ज्याच्या दृष्टीने शेत ही रोजच्या कामाची जागा आहे, त्याचे भय एक नव्हे. ग्रामीण विद्यार्थी जेव्हा शहरी भयपटाचे अनुकरण करतो, तेव्हा तो नकळत स्वतःच्या गावाकडे परक्याच्या नजरेने पाहू लागतो. आपल्याच आजीच्या घराला तो 'भुताचा वाडा' करतो.

५. यवतमाळचे भय

यवतमाळ जिल्ह्यातील भयाचे स्वरूप समजून घेण्यासाठी कल्पनेची फारशी गरज नाही. टी-१ म्हणजेच 'अवनी' या वाघिणीच्या नावाशी पांढरकवडा-राळेगाव परिसरातील १३ माणसांचे मृत्यू जोडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालून ठार करण्यात आले. या प्रकरणात दोन भये समोरासमोर आली. एक, शेतात जावेच लागणाऱ्या शेतकऱ्याचे व मजुराचे. दुसरे, वन्यजीव नष्ट होतील या चिंतेने ग्रासलेल्या दूरच्या नागरिकाचे. दोन्ही खरी होती. परंतु पहिल्या भयाचे चित्रण दूरदर्शनच्या पडद्यावर बव्हंशी मोहिमेच्या थराराच्या रूपानेच झाले. कापूस वेचणाऱ्या बाईला पाठीमागे काय आहे हे दिसत नाही, कारण तिची मान सतत बोंडाकडे वळलेली असते. हे साधे शारीरिक सत्य कोणत्याही भयपटाला पुरेल एवढे आहे.

दुसरे उदाहरण २०१७ मधील. त्या हंगामात कापसावर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्यू पावले. ज्या पिकाने घर चालते त्याच पिकात उभे राहून श्वास घेणे घातक ठरते, हे भय अदृश्य आहे. येथे शत्रू दिसत नाही, त्याचा केवळ वास येतो.

तिसरे भय ऋणाचे. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या विदर्भ दौऱ्यानंतर ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य सहा जिल्ह्यांसाठी घोषित झाले, त्यांत यवतमाळ होते. शेतकरी आत्महत्यांमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर गेले. येथे विद्यार्थी लघुपटकाराची खरी कसोटी लागते. झाडाला लटकलेला देह दाखवून प्रेक्षकाला दचकविणे सोपे आहे. परंतु ज्या वर्गात तो लघुपट दाखविला जाईल त्या वर्गातच अशा घरातील मुलगा किंवा मुलगी बसलेली असू शकते. त्यांच्या दुःखाला भुताचे रूप देण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न चित्रीकरणाआधी विचारला गेला पाहिजे.

याच संदर्भात विधवेच्या प्रतिमेचा विचार आवश्यक आहे. पांढरी साडी हा भयलघुपटाचा हुकमी पोशाख आहे. ज्या समाजात नवरा गेलेल्या बाईला 'पांढऱ्या पायाची' म्हटले जाते, तेथे ती साडी निरागस राहत नाही. याच्या अगदी उलट उदाहरण यवतमाळनेच घालून दिले. जानेवारी २०१९ मध्ये येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. हरीश इथापे दिग्दर्शित 'तेरवं' या नाटकात त्यांनी आणि त्यांच्यासारख्याच अन्य स्त्रियांनी स्वतः भूमिका केल्या होत्या. जिला भूत बनविले जाते तिने रंगमंचावरून स्वतः बोलणे, ही घटना विद्यार्थ्यांच्या पटकथालेखनाचा आरंभबिंदू व्हावी.

अंधश्रद्धेचा प्रश्नही टाळता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात अस्तित्वात आला. एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याचे जगणे कठीण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. भयलघुपटात गावातील एकाकी म्हातारीला किंवा कोलाम पोडावरील पुजाऱ्याला करणी करणारा म्हणून रंगविणे, म्हणजे त्याच आळाला कलेचे वस्त्र चढविणे होय. परंतु यावरचा प्रचलित उपाय, म्हणजे शेवटी भुताच्या वेषातून गावगुंड निघणे, हाही समाधानकारक नाही. त्यात गावकरी मूर्ख ठरतात, शहरातून आलेला तरुण शहाणा ठरतो आणि भयाचे खरे कारण शोधण्याची गरजच उरत नाही. भय खोटे नसते. त्याला दिलेले नाव चुकीचे असू शकते. विवेकवादी भयपटाचे काम ते नाव बदलण्याचे आहे.

६. निर्मिती : एका आराखड्याची चिकित्सा

वरील विवेचन प्रत्यक्षात कसे उतरू शकेल, हे पाहण्यासाठी सात-आठ मिनिटांच्या एका कल्पित लघुपटाचा आराखडा विचारात घेता येईल. शेतपंपाची वीज रात्री बारानंतर येणार आहे. वडील ओलितासाठी आधीच शेतात गेले आहेत आणि भ्रमणध्वनी घरी विसरले आहेत. मुलगी तो घेऊन पांदणीने निघते. वाट तिच्या रोजच्या पायाखालची आहे. दूर मोटारीचा आवाज येतो आहे. ती आवाजाच्या दिशेने चालते आणि पुन्हा त्याच पळसापाशी येते. दुसऱ्या फेरीतही तेच. तिसऱ्या फेरीत मोटारीचा आवाज अचानक थांबतो.

या आराखड्यात भूत नाही, संवाद अत्यल्प आहेत आणि खर्च जवळजवळ नाही. मात्र प्रत्येक टप्प्यावर निर्णय घ्यावे लागतात आणि त्या निर्णयांतच विद्यार्थ्याचे शिक्षण आहे.

(अ) पात्राचा हेतू : बहुतेक भयलघुपटांत पात्र धोक्याच्या जागी का जाते, याचे उत्तर नसते. 'गंमत म्हणून' हे कारण दिले की प्रेक्षकाची सहानुभूती संपते. येथे मुलीला जाणे भागच आहे. भय आणि कर्तव्य एकाच वाटेवर आल्याने ताण आपोआप निर्माण होतो.

(आ) प्रकाश : भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याला काळोख मानवत नाही, चित्रात दाणे उमटतात. त्यामुळे रात्रीची दृश्ये सूर्यास्तानंतरच्या अल्प संधिप्रकाशात टिपून संकलनात गडद करणे इष्ट. विजेरी हाच दृश्यातील प्रकाशस्रोत ठेवल्यास चित्राला कारण मिळते. फुटलेल्या बोंडांचा पांढरा रंग संधिप्रकाशात उठून दिसतो. हे दृश्य दिवाळीच्या मागेपुढे, वेचणीच्या काळातच मिळेल. हंगाम संपल्यावर उभ्या वाळलेल्या पऱ्हाटीचे रूप निराळे असते आणि तिचा खुळखुळाटही वेगळा असतो. चित्रीकरणाचा महिना ठरविणे हाही कथेचाच भाग आहे.

(इ) दिशा : चित्रीकरणात पात्राची गती पडद्यावर एकाच दिशेने राहावी यासाठी कॅमेरा एका कल्पित रेषेच्या एकाच बाजूस ठेवण्याचा नियम आहे. विद्यार्थी लघुपटांत तो नेहमी चुकून मोडला जातो आणि प्रेक्षक गोंधळतो. चकव्याच्या कथेत मात्र हा गोंधळ हवाच असतो. पहिल्या फेरीत नियम काटेकोर पाळावा. मुलगी डावीकडून उजवीकडे जात राहावी. दुसऱ्या फेरीत, काहीही न सांगता, ती उजवीकडून डावीकडे जाताना दिसावी. वाट चुकल्याची जाणीव प्रेक्षकाला तिच्या आधी होईल. नियम मोडण्याचा परिणाम नियम आधी पाळला असेल तरच होतो.

(ई) ध्वनी : या लघुपटाचा खलनायक ध्वनी आहे. भ्रमणध्वनीवर वाऱ्याचा फरफराट चित्राबरोबर नोंदला जातो आणि तो झाकण्यासाठी विद्यार्थी तयार संगीत मोठ्याने लावतात. त्याऐवजी चित्रीकरणाच्या जागी कोणीही न बोलता दोन-तीन मिनिटांचा स्थलध्वनी वेगळा नोंदवावा. रातकिडे, टिटवी, दूरची कोल्हेकुई आणि मोटारीची एकसुरी घरघर एवढी सामग्री पुरेशी आहे. मोटारीचा आवाज एवढा अंगवळणी पडावा की तो थांबताच शांतता आदळावी. मोठा आवाज अचानक वाजवून प्रेक्षकाला दचकविता येते. आवाज अचानक थांबवून त्याला घाबरविता येते.

(उ) बोली : मराठी करमणुकीत वऱ्हाडी बोली बहुधा विनोदासाठी वापरली गेली. गंभीर प्रसंग आला की पात्रे प्रमाण मराठीत बोलू लागतात. विद्यार्थी लघुपटातील पात्र ऐन भीतीच्या क्षणी दूरदर्शन मालिकेच्या स्वरात ओरडते तेव्हा भय विरते. घाबरलेला माणूस घरच्या बोलीतच हाक मारतो. वडिलांना घातलेली ती एक हाक वऱ्हाडीत, कोलामीत अथवा बंजारा बोलीत असणे, हा सत्याचा आग्रह आहे.

(ऊ) शेवट : मोटार थांबल्यानंतर काय, हा प्रश्न सर्वांत कठीण. पहिला पर्याय म्हणजे विजेरीच्या झोतात वडिलांचा निष्प्राण देह दाखविणे. त्याने धक्का बसेल. पण तो धक्का बीभत्साकडे झुकणारा आणि वर मांडलेल्या नैतिक आक्षेपास पात्र ठरेल. दुसरा पर्याय असा : दीर्घ शांततेनंतर धुऱ्यावरून वडिलांचा खोकला ऐकू येतो. वीज गेली म्हणून मोटार थांबली होती. दोघे निमूटपणे घरी परततात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील पुन्हा चप्पल पायात घालतात आणि मुलगी त्यांच्याकडे पाहत राहते. भूत नव्हते, कोणी मेले नाही, तरीही भय संपलेले नाही. कारण उद्याही वीज रात्रीच येणार आहे. हा शेवट अधिक भीतिदायक आहे, कारण त्यात प्रेक्षकाची सुटका नाही. चकव्याची फेरी पांदणीवर नसून त्या घराच्या दिनक्रमात आहे, हे त्यातून उमगते.

या आराखड्यावरही आक्षेप घेता येतील. कथानक मंद आहे, थराराच्या अपेक्षेने आलेला प्रेक्षक निराश होईल, आणि अभिनेत्रीचा चेहरा बोलका नसेल तर तीन फेऱ्या कंटाळवाण्या होतील. यांतील तिसरा आक्षेप सर्वांत रास्त आहे. पुनरावृत्ती ही प्रत्येक वेळी काहीतरी वजा करीत किंवा बदलीत गेली पाहिजे. अन्यथा चकवा पात्राला न लागता प्रेक्षकाला लागतो.

७. मूल्यमापनाचे निकष

महाविद्यालयीन मूल्यमापनात सामान्यतः चित्राची स्पष्टता, संकलनाची सफाई आणि 'संदेश' यांना गुण दिले जातात. त्यामुळे महागडा भ्रमणध्वनी असलेला गट पुढे जातो आणि शेवटी एखादे बोधवाक्य झळकविले की सामाजिक आशय सिद्ध झाला असे मानले जाते. या पद्धतीऐवजी पुढील निकष विचारात घ्यावेत.

एक, भयाचा उगम. भय पात्राच्या परिस्थितीतून आले की ध्वनिपरिणामांच्या संग्रहातून? पार्श्वसंगीत पूर्ण बंद करून लघुपट पाहिल्यास याचे उत्तर तत्काळ मिळते. तसेच चित्र झाकून केवळ ध्वनी ऐकल्यास स्थळ ओळखू येते काय, हेही तपासावे.

दोन, स्थळाची अपरिहार्यता. हा लघुपट दुसऱ्या जिल्ह्यात जसाच्या तसा घडला असता काय? घडला असता, तर स्थळ केवळ पडदा म्हणून वापरले गेले आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर या 'शकुंतला' रेल्वेची ओस पडलेली स्थानके भयपटाला मोहविणारी आहेत. परंतु कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेल्या त्या अरुंद रुळांचा इतिहास कथेत नसेल, तर ते स्थानक केवळ एक मोडकी इमारत राहते.

तीन, नजर. कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे? ज्यांचे भय दाखविले, ते पात्र आहेत की देखावा?

चार, प्रेक्षकांची विविधता. वर्गमित्र हसतात, कारण ते अभिनेत्याला ओळखतात. त्या हास्यावरून निष्कर्ष काढू नये आणि त्यांच्या टाळ्यांवरूनही काढू नये. लघुपट ज्या गावात चित्रित झाला त्या गावातील मंडळींना तो दाखविणे सर्वांत निर्णायक ठरेल. जो शेतकरी रोज त्या पांदणीने जातो तो पडद्यावरील पांदण पाहून गप्प झाला, तर ते खरे प्रशस्तिपत्र होय. त्याने 'आमच्या गावाची बदनामी केली' असे म्हटले, तर तीही समीक्षाच आहे आणि विद्यार्थ्याने तिला उत्तर दिले पाहिजे.

पाच, निर्णयांची नोंद. विद्यार्थ्याने चित्रीकरणाची रोजनिशी ठेवावी आणि अखेरीस स्वमूल्यमापन लिहावे. त्यात 'वेळ कमी पडला' यासारख्या सबबींऐवजी कोणते दृश्य का वगळले, कोणती चूक नंतर उपयोगी ठरली आणि कोणता हेतू पडद्यावर पोहोचलाच नाही, याचा हिशेब असावा. फसलेला परंतु स्वतःच्या फसण्याचे कारण ओळखणारा लघुपट हा शिक्षणाच्या दृष्टीने सफाईदार अनुकरणापेक्षा श्रेष्ठ मानावा.

८. समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. दचकणे, किळस आणि भय या तीन भिन्न प्रतिक्रिया आहेत. विद्यार्थी भयलघुपटाच्या मूल्यमापनात त्यांची गल्लत टाळली पाहिजे.

२. अल्प साधने ही भयपटाची अडचण नसून बहुधा त्याची शक्ती ठरली आहे. मात्र त्यासाठी परिचित वस्तूत भय पाहण्याची दृष्टी हवी.

३. ग्रामीण विद्यार्थ्याने शहरी नजर उसनी घेतली की त्याचे गाव परके होते. मराठीतील चांगले भयपटही या दोषापासून सर्वस्वी मुक्त नाहीत.

४. आत्महत्या, वैधव्य, आदिवासी श्रद्धा हे विषय भयाची सामग्री म्हणून वापरताना संबंधितांच्या प्रतिष्ठेचा विचार हा कलात्मक निकषच मानावा. तो बाहेरून लादलेला नियम नव्हे.

५. अंधश्रद्धेला उत्तर भय नाकारून देता येत नाही. भयाचे खरे कारण दाखवूनच ते देता येते.

चकवा लागला की माणसाने जागीच बसून उजाडण्याची वाट पाहावी, असे जुनी माणसे सांगतात. विद्यार्थी लघुपटकारानेही काही काळ असेच थांबावे. आपण कोणाच्या मागे चाललो आहोत हे थांबल्याशिवाय कळत नाही, आणि उजाडल्यावर दिसणारी वाट बहुधा घराजवळचीच असते.